गुरूचा हात आपल्या हातात उतरला की पुढे काय करायचं?

वेलांटी

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहू की नको असं चाललं होतं, आज गाडी कुर्ल्याच्या पुढे अर्धा तास उभी राहिली तेव्हा मोबाईलवर लिहायला घेतलं, त्यामुळे थोडं विस्कळीत असेल, सांभाळून घ्या.

मी लोअर परळला पॅकेजिंग डिझाईनच्या ऑफिसात काम करते, राहायला डोंबिवली. वय ३६. दिवसभराचं काम म्हणजे पुड्यांवर मजकूर बसवणं, मराठी नाव आलं की कॉम्प्युटरमधला एखादा फॉन्ट उचलायचा, ताणायचा, जाड करायचा, बाहेरून पांढरी कड द्यायची, झालं. अप्लाइड आर्टचं शिक्षण झालेलं असूनही अक्षराला वजन असतं, त्याला स्वतःची चाल असते हे मला माहीतच नव्हतं. कॉलेजात लेटरिंग होतं पण ते सबमिशनपुरतं.

चार वर्षांपूर्वी गणपतीच्या आधी गिरगावात मामाकडे गेले होते. चाळीच्या खाली मांडवात एक सत्तरीचे गृहस्थ स्टुलावर बसून कापडावर मंडळाचं नाव लिहीत होते. फ्लेक्स नाही हां, कापड. हातात फ्लॅट ब्रश, शेजारी पत्र्याच्या डब्यात रंग, आणि खाली पेन्सिलीची एकच रेघ, बाकी काही आखलेलं नाही. मी पिशवी हातात धरून बघत उभी राहिले ती मामीने वरून हाक मारेपर्यंत. 'श्री' काढताना त्यांनी श्वास धरला आणि ब्रश उचलल्यावर सोडला. मागे वळून न बघता म्हणाले, "लिहितेस का?" मी म्हटलं, नाही, कॉम्प्युटरवर करते. "मग उद्या ये."

त्या उद्याची चार वर्षं झाली. दर शनिवारी सकाळी मी गिरगावात असते. त्यांचं नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही, इथे काका म्हणते. त्यांनी आयुष्यभर दुकानांच्या पाट्या केल्या, नाटकांच्या जाहिराती केल्या, लग्नपत्रिका, दवाखान्यांच्या नेमप्लेटा, जे येईल ते. पहिले तीन महिने त्यांनी मला फक्त उभा दंड काढायला लावला. बोरू, म्हणजे बरूच्या दांड्याची लेखणी, कसा तासायचा, देवनागरीसाठी कत, म्हणजे त्याच्या टोकाचा तिरपा काप, रोमनच्या उलट्या बाजूला तिरकी का ठेवायची, ती एवढीशी चुकली तर व च्या पोटाचं वजन भलतीकडे कसं जातं, हे सगळं हाताला कळेपर्यंत पुढे सरकू दिलं नाही. मग एकदा म्हणाले, लिहायच्या आधी नाव मोठ्याने वाच. पिठाच्या गिरणीचं नाव आणि दवाखान्याचं नाव एकाच आवाजात लिहिलंस तर माणूस चुकीच्या दारात जाईल. त्या दिवसापासून मी ऑफिसातसुद्धा नाव हळूच पुटपुटून मगच हात लावते.

कधीकधी शनिवारी लिहायचंच नाही, नुसतं फिरायचं. ठाकूरद्वार, फणसवाडी, खोताची वाडी. चाळींच्या कमानींवर सिमेंटमध्ये उठवलेली नावं बघायची, एखाद्या पाटीवरचा रफार बघत दहा मिनिटं उभं राहायचं, रस्त्यावरची माणसं आमच्याकडे बघत जातात. मला आता गाडीतून सुद्धा पाट्याच दिसतात. एका माणसाने माझे डोळे बदलले असं मी म्हणते तेव्हा ते मला अगदी शब्दशः म्हणायचं असतं. ऑफिसातही मागच्या वर्षी पहिल्यांदा एका मसाल्याच्या खोक्यावर हाताने काढलेलं नाव गेलं, माझं.

आता मुद्द्यावर येते. गेल्या महिन्यात एका एकांकिका करणाऱ्या ग्रुपने शीर्षकाचं लेटरिंग माझ्याकडून करून घेतलं. मी आठ दिवस बसले त्यावर. पोस्टर बाहेर आलं आणि ज्यांना ज्यांना काकांचं काम माहीत आहे त्या तिघाचौघांनी एकच विचारलं, हे काकांनी केलंय ना? पहिल्या क्षणी मला इतका आनंद झाला की सांगता येत नाही. संध्याकाळपर्यंत तो गेला आणि पोटात काहीतरी भलतंच बसलं. मी माझी मागची दोन वर्षांची कागदं काढून बघितली. माझ्या वेलांटीचं टोक त्यांचं, माझ्या य ची गाठ त्यांची, मी उकार जिथे संपवते तिथेच ते संपवतात. माझं असं त्यात काही सापडेना.

काकांना पोस्टर दाखवलं. चार वर्षांत ज्या माणसाने एकही कागद चूक काढल्याशिवाय परत दिला नाही तो बघून म्हणाला, "बरोबर आहे." आणि फाईल मिटली. मला शिव्या बसल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तुमच्यापैकी कुणी कुणाच्या हाताखाली असं शिकलंय का, गाणं असो, नाटक असो, काहीही? त्यांचा हात तुमच्यात उतरला का आणि मग तुमचा स्वतःचा कसा आला? काकांना न दुखावता हे कसं करायचं? सोडून जायचं माझ्या मनातही नाही.

मागची_रांग

वेलांटी, आधी एक सांगतो, तू भाग्यवान आहेस. आता बाकीचं.

मी लाईट्स करतो, २२ वर्षं झाली. ज्यांच्याकडे शिकलो ते दादरच्या शिवाजी मंदिरला, पार्ल्याला, ठाण्याला, जिथे नाटक असेल तिथे डिमरपाशी, म्हणजे लाईट कमीजास्त करायच्या यंत्रापाशी, बसलेले असायचे आणि मी त्यांच्या मागे, वायरी गुंडाळत. त्यांचा एक संध्याकाळचा अंबर, म्हणजे पिवळसर केशरी उजेड होता, तिरका, डावीकडून येणारा, कुठल्याही नाटकात माजघराचा सीन आला की तो पडायचा आणि काय सांगू, लोक खुर्चीत जरा सरसावून बसायचे. मी स्वतंत्र कामं करायला लागल्यावर पहिली सहा सात नाटकं माझ्याकडेही संध्याकाळ डावीकडूनच आली. मला वाटायचं संध्याकाळ अशीच असते.

ते सुटलं कधी तर एका नाटकात नेपथ्यात डावीकडे भलीमोठी भिंत होती, लाईट लावायला जागाच नाही. नाईलाजाने समोरून खालून, जमिनीलगत लावून बघितलं, रस्त्यावरच्या गाडीचा उजेड घरात येतो तसं. ते माझं पहिलं माझं काम. मी काही ठरवून वेगळं केलं नव्हतं गं, अडचण आली म्हणून झालं.

आपल्या मुंबईच्या नाटकातलं सगळ्यात मोठं उदाहरण बघ. दिग्दर्शक सत्यदेव दुबे बिलासपूरहून इथे आले ते क्रिकेटर व्हायला, आणि येऊन पोचले दिग्दर्शक इब्राहिम अल्काझींच्या थिएटर युनिट या नाट्यसंस्थेत. १९६२ ला अल्काझी एनएसडी, म्हणजे राष्ट्रीय नाट्य विद्यालय, सांभाळायला दिल्लीला गेले आणि थिएटर युनिट दुबेंकडे आलं. अल्काझींचं काम म्हणजे नेपथ्य, वेशभूषा, प्रकाश सगळं भव्य आणि काटेकोर. आणि दुबेंकडे? जवळजवळ रिकामं स्टेज, सगळा जोर शब्दावर, उच्चारावर, नटाच्या आवाजावर. गुरूकडून संस्था हातात आली, काम मात्र स्वतःचं केलं. आणि पुढची गंमत बघ, अमरीश पुरी सरकारी विम्याच्या ऑफिसात नोकरी करत करत दुबेंकडे नाटक शिकले, दुबेंना गुरू मानायचे, आणि दुबे त्यांच्यापेक्षा चार वर्षांनी लहान. म्हणजे वयाचाही काही संबंध नाही यात, ज्याच्यासमोर उभं राहिल्यावर आपलं खोटं चालत नाही तो गुरू.

अल्काझी गेले नसते तर दुबे दुबे झाले असते का, हे मला नेहमी वाटत राहतं. याचा अर्थ तू काकांना सोड असं मी म्हणत नाहीये. पण त्यांच्याकडे न झालेलं एखादं काम घे. त्यांनी पाट्या केल्या, जाहिराती केल्या, मग तू असं काहीतरी घे की ज्यात त्यांचा हात चालणारच नाही.

षड्ज

वेलांटी बाळ, तुझं वाचून डोळ्यात पाणी आलं. मी गाते, म्हणजे शिकवते आता, वय ६१. एकोणीस वर्षं मी एकाच बाईंकडे शिकले, दादरला हिंदू कॉलनीत. आमच्याकडे याला नाव आहे, गळ्यावर गुरूचा गळा बसणं. तो बसावाच लागतो, त्याशिवाय तालीम झाली असं कुणी म्हणत नाही. तेव्हा तुझ्या हातात काका उतरले ही आधी तुझी चार वर्षं फुकट न गेल्याची खूण आहे, ती दोष समजून बसू नकोस.

मला इथे कुमारजी आठवतात. लहानपणी कुमार गंधर्व मोठमोठ्या गवयांच्या रेकॉर्डी जशाच्या तशा गाऊन दाखवायचे, तान तशी, आवाजाचा लगावसुद्धा तसाच, लोक थक्क व्हायचे. अकराव्या बाराव्या वर्षी ते मुंबईत प्रोफेसर बी. आर. देवधरांकडे आले, ऑपेरा हाऊसपाशी देवधरांची गाण्याची शाळा होती. दुसरा कुणी असता तर त्या मुलाची नक्कल करायची ताकद बघून त्याच्या गळ्यावर आपलं घराणं चढवून मोकळा झाला असता. देवधर मास्तर स्वतः विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य, पण त्यांनी आयुष्यभर सगळ्या घराण्यांच्या गवयांकडून ऐकलं, जमवलं, समजून घेतलं, आणि ते सगळं त्या मुलापुढे ठेवलं. नुसतं कसं गातात एवढंच नाही, तसं का गातात. मला वाटतं नकलेतून बाहेर यायची वाट तिथून जाते. तू काकांच्या वेलांटीचं टोक उचललंस, पण ते टोक तिथे का थांबतं हे त्यांना कधी विचारलंस का?

आणि कुमारजींचं पुढचं तर सगळ्यांना माहीत आहे, क्षय झाला, मुंबई सोडून १९४८ मध्ये देवासला गेले, पाचेक वर्षं गाणं बंद. अंथरुणावर पडून माळव्यातल्या बायकांची गाणी ऐकली. उठून गायला लागले तेव्हा ते गाणं कुणाचंच नव्हतं, त्यांचंच होतं. असं आजारपण कुणाच्या वाट्याला येऊ नये, पण गप्प बसून दुसरं काही ऐकण्याचा काळ लागतो हे मात्र खरं.

दुसरी गोष्ट गायिका मोगुबाई कुर्डीकरांची. त्या सांगलीत रियाज करत असताना जयपूर घराण्याच्या अल्लादियाखाँसाहेबांच्या कानावर तो आवाज पडला आणि त्यांनी शिकवायला सुरुवात केली. केवढी मोठी गोष्ट, वाटेवरून जाताना एका माणसाने ऐकलं आणि एका घराण्याची दिशा ठरली. नंतर मुंबईत ती तालीम चालू राहिली. मोगुबाईंनी ती विद्या जपली, तशीच, शुद्ध. आणि त्यांच्याच मुलीने, किशोरीताई आमोणकरांनी, ती आईकडून घेतली आणि मग तिच्यात असं काही केलं की जुनी मंडळी रागावली. दोघींची रेकॉर्ड पाठोपाठ ऐक. पाया एकच आहे हे जाणकाराला कळतं, आणि दोन वेगळ्या बायका गातायत हे कुणालाही कळतं. मी मोगुबाईंना कमी लेखत नाही हं, जपणं हे सुद्धा आयुष्य खर्ची घालण्याचं काम आहे.

आता त्या "बरोबर आहे" बद्दल. माझ्या बाईंनी मला हा शब्द एकदाच ऐकवला, तालमीच्या सतराव्या वर्षी. त्यानंतर त्या तानपुरा जुळवायच्या आणि मला म्हणायच्या, तू गा, मी ऐकते. आधी मला वाटलं रागावल्यात. नंतर कळलं, माझ्यात त्यांना स्वतःच्या चुका ऐकू यायला लागल्या होत्या आणि त्या कशा दुरुस्त करायच्या हे त्यांनाही माहीत नव्हतं. काकांनाही कदाचित तसंच झालं असेल. जा आणि त्यांना विचार, तुम्ही कुणाकडे शिकलात? शिष्यांनी हा प्रश्न लवकर विचारायला हवा, मी फार उशिरा विचारला.

वेलांटी

षड्ज ताई, खरंच नाही विचारलं कधी. चार वर्षांत काकूंच्या गुडघ्यापासून मामाच्या चाळीच्या रिडेव्हलपमेंटपर्यंत सगळं बोललो आम्ही पण हे नाही. मला वाटायचं ते जन्मापासून असेच लिहीत असणार.

मागची_रांग, भिंतीची गोष्ट डोक्यात बसली.

बारीक_रेघ

थोडं कडू लिहितो, राग मानू नये. गुरू, शिष्य, हे शब्द ऐकले की मला हल्ली भीती वाटते. मी चोविशीत एका मोठ्या इलस्ट्रेटरकडे लागलो होतो, पाच वर्षं. शिकलो हे नाकारत नाही. पण त्यातली तीन वर्षं माझी चित्रं त्यांच्या सहीने छापून आली, आणि मी तेव्हा हे सुद्धा शिकण्याचाच भाग आहे असं स्वतःला सांगत होतो. बाहेर पडलो तेव्हा दाखवायला माझ्याकडे एक कागद नव्हता. तेव्हा तुझ्या प्रश्नात मला आधी हे विचारायचंय, पोस्टरवर नाव कुणाचं गेलं? आणि तुझ्या कागदांवर सही कोण करतं?

माझं म्हणणं असं की समोर बसून शिकवणारा माणूस लागतोच असं नाही. माझी खरी शाळा म्हणजे पेपरातल्या नाटकांच्या जाहिराती. माझे वडील म.टा. घ्यायचे, आणि मी शनिवार रविवारच्या पानातून कमल शेडग्यांची लेटरिंग कापून वहीत चिकटवायचो. कमल शेडगे आर्ट स्कूलमध्ये शिकलेले नव्हते, टाइम्सच्या आर्ट डिपार्टमेंटमध्ये काम करता करता तयार झाले, आणि नाटकाचं नाव वाचायच्या आधीच ते विनोदी आहे की ऐतिहासिक की रहस्य हे अक्षरावरून कळायचं. २०२० ला ते गेले तेव्हा मी ती वही काढून बसलो होतो. मी त्यांना आयुष्यात एकदाही भेटलो नाही. पण माझ्या हातून आजही एखादी जाड मात्रा निघते तेव्हा मला माहीत असतं ती कुठून आलीय. अशा गुरूला सोडायचा प्रश्न येत नाही, तो तुमची वाटही बघत नाही आणि तुमच्यावर हक्कही सांगत नाही.

वेलांटी

बारीक_रेघ, तुमच्याबरोबर झालं ते वाईट झालं, तीन वर्षं ही थोडीथोडकी नाहीत. पोस्टरवर नाव माझंच आहे. काकांनी माझ्या कागदावर आजवर पेन्सिलसुद्धा टेकवलेली नाही, चूक दाखवायची तर बोट हवेत धरून दाखवतात. पैसे विचारले तर पहिल्याच महिन्यात म्हणाले काकूंसाठी केळी आण.

आखणी

मी परळचा. गणपतीच्या कारखान्यात वडलांच्या वेळपासून आहे. इथे सगळे स्वतःचा हात, स्वतःचा हात म्हणतायत म्हणून लिहितो.

आमच्याकडे डोळ्यांची आखणी हे शेवटचं आणि सगळ्यात मोठं काम. ते सगळ्यांना देत नाहीत. मी अकरा वर्षं रंगकाम केलं, सोंडेवरचं, पितांबर, दागिने, तेव्हा कुठे उस्तादांनी मला एका लहान मूर्तीचे डोळे दिले, घरगुती, नऊ इंची. आणि सांगितलं काय, माझ्यासारखे काढ. गिऱ्हाईक पिढ्यान्‌पिढ्या येतं, त्याला त्याच्या घरच्या गणपतीचे डोळे तेच पाहिजेत. आज त्या घरांत जाऊन बघितलं तर माझे कुठले आणि उस्तादांचे कुठले हे ओळखता येणार नाही, आणि ते मला अभिमानाचं आहे. त्यात माझं काही हरवलं असं मला एक दिवसही वाटलं नाही.

पण खरं सांगायचं तर उस्ताद गेले त्याच्या दुसऱ्या वर्षी मी एक मूर्ती आखली आणि लांब जाऊन बघितलं तर नजर किंचित खाली आली होती. उस्तादांची नजर सरळ समोर असायची. मी बसून काम करतो, मानेचा त्रास आहे, त्याच्यामुळे आली असेल. लहान मुलं समोर बसली की तो बाप्पा त्यांच्याकडे बघतो असं वाटतं. मी ती पुसली नाही. तेव्हापासून माझे डोळे तसेच येतात. कुणाला कळलेलं नाही. मला कळतं.

ताई, तुम्ही चार वर्षांत घाई करताय असं मला वाटतं.

कॅनव्हास_कोरा

आखणी यांची पोस्ट मी तीनदा वाचली.

मी जेजे स्कूल ऑफ आर्टची, पेंटिंग. दोनच गोष्टी सांगते. एक म्हणजे वर्षानुवर्षं सोबत करणारा गुरू हा एक प्रकार झाला, कधीकधी एकच भेट पुरते. चित्रकार सय्यद हैदर रझा १९४८ मध्ये काश्मीरला गेले होते, तिथे त्यांना फोटोग्राफर कार्तिए-ब्रेसाँ भेटले. त्यांनी चित्रं बघून सांगितलं की तुमच्याकडे प्रतिभा आहे पण चित्राला बांधणी नाही, सेझान या फ्रेंच चित्रकाराचा अभ्यास करा. झालं एवढंच. रझा मुंबईत परतले, फ्रेंच शिकले आणि १९५० ला पॅरिसला गेले. याच्या आधी इथे मुंबईत व्हिएन्नाहून आलेले लँगहॅमर होते, टाइम्सचे आर्ट डायरेक्टर, नेपियन सी रोडला त्यांच्या घरी ही तरुण पोरं जमायची, त्यातूनच पुढे १९४७ चा प्रोग्रेसिव्ह ग्रुप हा चित्रकारांचा गट उभा राहिला. पण रझांच्या आयुष्यातलं सगळ्यात खोल गेलेलं बोट मला वाटतं त्यांच्या मंडल्याकडच्या शाळेतल्या मास्तरांचं. मुलगा चुळबुळ करतो म्हणून त्यांनी भिंतीवर एक ठिपका काढला आणि त्याच्याकडे बघत बस म्हणून सांगितलं. तो बिंदू चित्रात यायला किती वर्षं गेली बघ, पॅरिस, लग्न, नाव, पैसा सगळं होऊन गेलं आणि पन्नाशी ओलांडल्यावर तो मोठा काळा बिंदू कॅनव्हासच्या मधोमध येऊन बसला. म्हणून आत्ता तुझ्या कागदावर दिसतंय तेवढंच काकांनी दिलंय असं धरू नकोस.

दुसरी, तुझ्याच क्षेत्रातली. र. कृ. जोशी. पवईला आयआयटीत आयडीसीमध्ये, म्हणजे तिथल्या डिझाईनच्या विभागात, शिकवायचे. विंडोजमधला मंगल फॉन्ट त्यांचा, म्हणजे कित्येक वर्षं आपण कॉम्प्युटरवर त्यांच्याच अक्षरात मराठी वाचलं. सुलेखनकार अच्युत पालव त्यांना गुरू मानतात. पालवांनी मोडीचा अभ्यास केला आणि त्यातून स्वतःची वळणं काढली. गुरूची अक्षरं अशी तोलून मापून पडद्यावर नीट उभी राहणारी, आणि शिष्याची बघ, मोठ्या ब्रशने कागदभर धावणारी. मोडीने ते केलं असं मला वाटतं. म्हणजे मागे गेल्यावर पुढचं सापडलं. तू मोडी शीक ना. बोरू न उचलता लिहायची लिपी, काकांच्या पाट्यांपेक्षा हाताची सवयच वेगळी.

वेलांटी

मंडळी, कालच्या शनिवारचं सांगायचंय.

मी गेले, काकूंनी चहा दिला, आणि षड्ज ताईंचा प्रश्न विचारला. काका, तुम्ही कुणाकडे शिकलात? ते उठले, पलंगाखालून एक ट्रंक ओढली, मीच ओढली म्हणजे, त्यांना वाकता येत नाही. त्यात खाली एक पुठ्ठ्याची फाईल, दोरीने बांधलेली. ग्रँट रोडच्या एका पेंटरकडे ते सोळाव्या वर्षी लागले होते, सिनेमाची होर्डिंग करायचे ते. फाईलमध्ये उस्तादांचे चार कागद आणि काकांचे वीसेक. आणि मंडळी, मला वेगळे काढता आले नाहीत. मी ज्याला काकांची य ची गाठ म्हणत होते ती काकांची नाहीच. ती त्या ग्रँट रोडच्या माणसाची आहे, ज्याला मी कधी बघितलं नाही, ज्याचा फोटोसुद्धा काकांकडे नाही. आखणी दादा, तुमची आठवण आली तेव्हा.

मी विचारलं, मग तुमचं कधी झालं? ते बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, होर्डिंगचं काम सुटलं आणि पेपरच्या जाहिराती करायला लागलो तेव्हा तीन फुटांचं अक्षर तीन इंचात आणावं लागलं. उस्तादांचं वळण तेवढ्या जागेत मावेना. जे मावेना ते टाकत गेलो. म्हणजे मागची_रांग यांची भिंतच की ही.

मग मी धीर करून पोस्टरचं काढलं. म्हटलं तुम्ही नुसतं बरोबर आहे म्हणालात, मला झोप लागली नाही. ते म्हणाले, "मलाही नाही लागली. मला वाटलं मी तुझं नुकसान केलं." एवढं बोलून ते खिडकीकडे बघत बसले आणि काकू आत निघून गेल्या. मी काय बोलू मला सुचेना, मी त्यांच्या पायाशी बसून फाईलची दोरी बांधत राहिले, ती गाठ काही नीट बसेना.

निघताना त्यांनी माझा बोरू काढून घेतला. चार वर्षं जो वापरतेय तो, त्यांनीच तासून दिलेला. म्हणाले आता तुझा तू आण, विकत नको, स्वतः कापून आण, आणि कत तुझ्या हाताला बसेल तशी ठेव, मला दाखवायला सहा महिन्यांनी ये. मी म्हटलं, आणि शनिवारी? तर म्हणाले, शनिवारी ये की, केळी आण, फिरू आपण, कागद आणू नकोस.

मोडीची पुस्तिका मागवलीय, कॅनव्हास. आणि आज पहाटे उठून डोंबिवली पश्चिमेला रेतीबंदरच्या बाजूला खाडीकाठी जाऊन आले, नवरा पण आला बरोबर, विळा घेऊन. पाच सहा दांडे आणलेत. पण ते ओले आहेत, तासायला घेतला तर कड दबते आणि तंतू निघतात. सुकवायचे किती दिवस, उन्हात की सावलीत, कुणाला माहितीये का? काकांना विचारायचं नाहीये.

बारीक_रेघ

सावलीत. आडवे ठेव, एकावर एक नको, आणि मधूनमधून फिरव नाहीतर वाकतात. उन्हात ठेवलेस तर चिरतात, मी एक अख्खी जुडी घालवलीय. महिनाभर तरी हात लावू नकोस. दांडा कुठून कापलास, बुडख्याकडून की शेंड्याकडून? बुडख्याचा जाड असतो, ठळक अक्षराला चांगला.

वेलांटी

दोन्हीकडून आणलेत. पंख्याखाली पेपरवर ठेवले आता.